दोन बोटं

ईस्टरला ते तांदळाच्या कणीएवढं होतं.
डाव्या गालात, आतून,
जिथं माझी सुपारी मुक्कामाला असते.
जीभ सारखी तिथंच जायची,
बंद दाराशी मांजर जातं तशी.

मी म्हटलं, चुना लागला असेल.
चुना आम्हीच भाजतो, शिंपल्यांचा,
कधी हात जड पडतो.
मग म्हटलं, दात.
सासूबाई म्हणाल्या, कुणाला तरी वाकडं बोलली असशील.
मी आठवत बसले, कुणाला नाही?
माझ्या जिभेला हाड नाही
हे कोकी बाजारातले मासेसुद्धा सांगतील.

हनुआबाडात आमची घरं समुद्रावर उभी, खांबांवर.
रात्री भरती फळ्यांखाली बडबडते.
त्या बडबडीत मी कानाची कळ मिसळून टाकली
(कान डावाच),
रश्शातलं आलं बंद केलं,
मासा गार करून खाल्ला,
उशीवरचा डाग खाली करून झोपले.
घरात कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर भांडले असते.

शेवटी बोलला तो हितोलोचा मुलगा, गरी, सहा वर्षांचा.
मांडीवर चढला, नाक दाबलं,
"आजी, तुझ्या तोंडाला ओहोटीचा वास येतो."
सून धावली त्याला मारायला.
थांब, म्हटलं.

ओहोटीला आमच्या घरांखाली
काय काय उघडं पडतं
ते आम्हाला ठाऊक आहे.

इस्पितळात नंबर एक्केचाळीस.
बाकावर शेजारी एक माणूस, जबड्याला टॉवेल,
टॉवेलवर फुलं छापलेली.
मी जरा सरकले.
मग लाज वाटली, परत सरकले,
तेवढ्यात त्याला आत बोलावलं.

डॉक्टर लोआनी पोरगेलीशी.
"तोंड उघडा, मावशी."
जन्मभर लोक म्हणत आले,
हिचं तोंड कुणीतरी बंद करा.
आणि आज उघडायला गेले
तर तिनं माझीच तीन बोटं उभी धरून आत घालायला लावली.
दोन गेली.
तिसरं ओठांपाशीच राहिलं
उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं.

"किती दिवस झाले?"
दोन आठवडे.
ती काही बोलली नाही.
भिंतीवर स्वातंत्र्यदिनाच्या पताका अजून तशाच होत्या.
ईस्टरपासून, म्हटलं मी.
ती रागवेल म्हणून वाट बघत राहिले. ती लिहीत होती.
"तीन आठवड्यांत बरं झालं नाही की दाखवायचं,"
एवढंच म्हणाली, मान वर न करता,
बसचा नंबर सांगावा तसं.

तुकडा काढला. सुई दुखली, तुकडा नाही.
बाटलीत तो तरंगला, तांदळाच्या कणीएवढा.
बाटलीवर माझं नाव चुकीचं.
ते मी दुरुस्त करून घेतलं, डीका, ई दीर्घ.
दुसऱ्या बाईचं माझ्या नावावर नको,
माझं तिच्या तर नकोच.

"कदाचित काही नसेल. कदाचित असेल. आलात, हे बरं केलंत."
तीन वाक्यं.
बसमध्ये माझ्यासोबत मधलंच बसलं होतं.

पंधरा दिवसांनी बोलावलंय.
भाडं हवं, म्हणून बाजारात बसलेय,
पुढ्यात हिरवी सुपारी, पानवेलीच्या शेंगा, चुन्याच्या पुड्या.
मी खात नाही, चार दिवस झाले.
हात सोलतात आणि तोंडाला पाणी सुटतं,
ते गिळते, डावीकडून नाही.

काल एक पोरगा आला, शाळेच्या शर्टात,
दात अजून नारळाच्या खोबऱ्यासारखे.
तोंड उघड, म्हटलं.
तो मित्राकडे बघून हसायला लागला.
अरे उघड, नुसतं बघू दे.
उघडलं त्यानं.
सगळं गुलाबी, ओलं,
कुठं म्हणून काही नाही.
किती वेळ बघत होते कोण जाणे.

त्याला मी सुपारी दिली नाही.
पलीकडच्या चटईवरच्या बाईनं दिली,
दहा तोएआ कमीत.